वैताग लिहावा लागतो

१९०१ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होव्ह गावात जेम्स विल्यमसन या औषधविक्रेत्याने मिनिटभराचा एक चित्रपट काढला. नाव ‘द बिग स्वॉलो’. एक गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघून हातवारे करतो, माझा फोटो काढू नका म्हणून बजावतो. कॅमेरा जागचा हलत नाही. गृहस्थ तावातावाने बोलत पुढे येतो. आधी त्याचा चेहरा पडदाभर होतो, मग नुसतं तोंड उरतं, मग तोंडातला काळोख. त्या काळोखात कॅमेरा पडतो आणि पाठोपाठ कॅमेरावालाही. गृहस्थ चघळत चघळत मागे सरकतो आणि तृप्त होऊन हसतो.

हे सगळं तीन तुकड्यांत बसवलं आहे. पहिल्या तुकड्यात माणूस भिंगाच्या अगदी जवळ येईपर्यंत चित्र स्पष्ट ठेवायचं, म्हणजे तो पुढे येईल तसा फोकस हाताने बदलत राहायचा. नट जरा घाईने आला तरी चेहरा धूसर होणार आणि मजा गेली. दुसरा तुकडा काळ्या पडद्यासमोर वेगळा घेतलेला. तोंडातला काळा रंग आणि पडद्याचा काळा रंग एकमेकांत मिसळतो, त्यामुळे जोड दिसत नाही. तिसऱ्यात पुन्हा तोंडापासून मागे. एका मिनिटासाठी एवढी आखणी, आणि विषय काय, तर रोजच्या जगण्यातला एक साधा त्रास. १९०० च्या फेब्रुवारीत कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा बाजारात आला होता, ब्रिटनमध्ये पाच शिलिंगांना. होव्ह आणि शेजारचं ब्रायटन ही समुद्राची हवा खायला जायची गावं. तिथे फिरायला आलेल्या माणसाचा फोटो आता कोणीही, त्याला न विचारता काढू शकत होतं.

सव्वाशे वर्षांनी तोच त्रास फार मोठा होऊन आपल्या दारात आला आहे. अनोळखी माणसाला रस्त्यात, दुकानात, बसथांब्यावर मुद्दाम गाठायचं, तो वैतागेपर्यंत त्याला पिडायचं, वैतागला की ते चित्रण लोकांच्या करमणुकीसाठी टाकायचं. याला सगळीकडे प्रँक म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की, ज्या माणसाचा चेहरा किंवा आवाज ओळखू येतो, त्याची लेखी संमती नसेल तर असं चित्रण प्रसारित करायला कायद्याने आणि प्लॅटफॉर्मच्या नियमांनी बंदी असावी. हे म्हटलं की लगेच विचारतात, मग विनोदच करायचा नाही का? करायचा, जरूर करायचा. वैतागावरचा विनोद ही फार मोठी कला आहे, आणि ती कशी बांधतात हे ब्रिटिश स्किटवाल्यांनी साठच्या दशकात दाखवून दिलं आहे. ते काम नीट बघितलं की प्रँकमध्ये काय नाही हेही दिसतं.

१९६८ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट या ब्रिटिश टीव्ही निवेदक-निर्मात्याने अमेरिकन टीव्हीसाठी एक तासाभराचा कार्यक्रम लंडनमध्ये करवून घेतला. नावच ‘हाऊ टू इरिटेट पीपल’. लोकांना वैताग कसा आणावा, याची प्रात्यक्षिकं. जॉन क्लीझ सूत्रधार. ग्रॅहम चॅपमन, मायकेल पेलिन, टिम ब्रुक-टेलर आणि कॉनी बूथ सोबतीला. लेखन मुख्यतः क्लीझ आणि चॅपमन यांचं. २१ जानेवारी १९६९ ला तो अमेरिकेत दाखवला गेला. त्याच वर्षी क्लीझ, चॅपमन आणि पेलिन ‘मॉन्टी पायथन’ या बीबीसीवरच्या विनोदी मालिकेत गेले, त्यामुळे हा कार्यक्रम बहुतेकांच्या लेखी त्या मोठ्या कामाची पूर्वतयारी एवढाच उरला. कार्यक्रम सगळाच चांगला आहे असं नाही. काही स्किटं लांबतात, काही विरतात. पण वैतागाचं यंत्र उघडून आतले भाग बघायचे असतील तर याच्याइतकी सोयीची जागा नाही.

पहिला भाग म्हणजे बंद दार. वैतागणाऱ्या माणसाला तिथून उठून जाता येता कामा नये. नोकरीच्या मुलाखतीला आलेला उमेदवार जाऊ शकत नाही, त्याला नोकरी हवी आहे. समोरचा मुलाखतकार विनाकारण घंटी वाजवतो, उठायला लावतो, बसायला लावतो, आकडे उलटे मोजतो. उमेदवाराला वाटतं, ही परीक्षाच असणार. विमानातला प्रवासी तर कुठेच जाऊ शकत नाही. कंटाळलेले वैमानिक माईकवरून सांगतात की काळजीचं काही कारण नाही, आणि थांबतात. थोड्या वेळाने सांगतात की पंखांना आग लागलेली नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि त्यातच सगळा छळ आहे. कारण काळजी करू नका असं कोणी न विचारता सांगितलं की माणूस काळजीला लागतो.

दुसरा भाग म्हणजे सभ्यता. पिडणारा माणूस उर्मट असला तर स्किट दोन मिनिटांत संपतं, कारण समोरच्याला चिडायचा हक्क मिळतो. तो अदबीने बोलत असेल, आपल्या परीने मदतच करत असेल, तर चिडणाराच वाईट ठरतो. तिसरा भाग म्हणजे पायऱ्यांची उंची. प्रत्येक नवा त्रास आधीच्यापेक्षा बोटभर मोठा हवा. हातभर मोठा झाला की प्रेक्षकाचा विश्वास उडतो, तेवढाच राहिला की तो कंटाळतो. आणि चौथा भाग, ज्यात नवशिके हमखास चुकतात, तो म्हणजे वाफ. कुकरची शिट्टी फार लवकर झाली की आतलं कच्चं राहतं. वैतागलेला माणूस मनसोक्त ओरडला की तो मोकळा होतो, आणि प्रेक्षकही मोकळा होतो. म्हणून त्याला ओठांपर्यंत आणायचं आणि पुन्हा मागे घ्यायचं. घसा खाकरायचा, टाय सरळ करायचा, पुन्हा ‘हं, बोला’ म्हणायचं. ही माघार नटाला येत नसेल तर उत्तम लिहिलेलं स्किटही पडतं.

या सगळ्याचा नमुना १९६७ च्या ‘अ‍ॅट लास्ट द १९४८ शो’ या टीव्ही मालिकेतल्या पुस्तकाच्या दुकानाच्या स्किटमध्ये आहे. लेखन क्लीझ-चॅपमनचंच. क्लीझ दुकानदार, मार्टी फेल्डमन गिऱ्हाईक. गिऱ्हाईक पुस्तकं मागतं, ती अस्तित्वातच नसतात, किंवा प्रसिद्ध पुस्तकांच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे झालेलं असतं, आणि लेखकही भलताच असतो. दुकानदार प्रत्येक वेळी समजावतो. मग गिऱ्हाईक ब्रिटिश पक्ष्यांवरचं एक पुस्तक मागतं. ते दुकानात आहे! दुकानदाराचा चेहरा उजळतो. पण गिऱ्हाइकाला त्यात गॅनेट हा समुद्रपक्षी नको असतो, तो त्याला आवडत नाही. दुकानदार ते पान फाडतो. आता पुस्तक फाटकं झालं, फाटकं कोण घेणार? शेवटी एक मुलांचं पुस्तक सापडतं, अगदी तेच हवं असलेलं. आता गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत, चेकबुक नाही, बँकेत खातंच नाही. दुकानदार पदरचे पैसे घालून पुस्तक त्याच्या हातात कोंबतो. तर गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. आणि मग दुकानदार त्याला बसवून घेऊन पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागतो.

या उतरंडीत दुकानदाराच्या वाट्याला काय येतं बघा. समजावणं, सुचवणं, टाळणं, आशा, पान फाडण्याची हिंसा, पैसे देण्याची हतबलता आणि शेवटी वाचून दाखवण्याची शरणागती. सात वेगवेगळ्या अवस्था, आणि प्रत्येकीला लेखकाने वेगळं वाक्य दिलं आहे, नटाने वेगळा श्वास. गिऱ्हाईक सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच सुरात असतं. म्हणजे स्किटमधली मोठी भूमिका पिडणाऱ्याची नसतेच, ती वैतागणाऱ्याची असते. ती लिहिली जाते, तिची तालीम होते, तिचं मानधन मिळतं आणि श्रेयनामावलीत तिचं नाव येतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा खिळा इथे आहे. प्रँकमध्येही मोठी भूमिका वैतागणाऱ्याचीच असते. फक्त तिथे ती चोरलेली असते.

‘हाऊ टू इरिटेट पीपल’मधलं सर्वांत दूर गेलेलं स्किट गाड्या विकणाऱ्याचं. चॅपमन गिऱ्हाईक, पेलिन विक्रेता. नव्या गाडीत एकामागून एक बिघाड निघतात, आणि विक्रेता प्रत्येक बिघाडाला काहीतरी कारण काढतो. नव्या गाडीचं असंच असतं, होईल सैल, गाडी मात्र छान आहे हो. यामागे पेलिनला एका गॅरेजवाल्याचा आलेला अनुभव होता. तो माणूस कधी वाद घालायचा नाही आणि कधी चूक कबूलही करायचा नाही. वर्षभराने क्लीझ आणि चॅपमन हा सांगाडा पायथनसाठी पुन्हा घेऊन बसले. गाडीच्या जागी टोस्टर आला, आणि मग चॅपमनने पोपट सुचवला. ७ डिसेंबर १९६९ ला बीबीसीवर मेलेल्या पोपटाचं स्किट आलं, यात क्लीझ गिऱ्हाईक आणि पेलिन दुकानदार. गाडीच्या बिघाडावर वाद होऊ शकतो, मेलेल्या पोपटावर होऊ शकत नाही. आणि तरी दुकानदार वाद घालतो. कच्चा माल तोच, पण दोषाचं रूप इतकं निर्विवाद केलं की नकार देणाऱ्याचा निगरगट्टपणा एकटा उभा राहिला. गॅरेजवाला मात्र त्यात कुठेच उरला नाही. त्याच्या गल्लीतल्या लोकांनाही तो ओळखू आला नसता.

हा विनोद लोकांना इतका का भिडला, याचं कारण त्या वेळच्या कायद्यात आहे. ब्रिटनच्या १८९३ च्या वस्तुविक्री कायद्यानुसार विकलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे ही अट गृहीत धरलेली होती. पण उभयतांच्या कराराने ती काढून टाकायला मुभा होती. गिऱ्हाइकाने आनंदाने सही केलेल्या ‘गॅरंटी’च्या कागदावर बारीक अक्षरांत नेमकं तेच असायचं. ‘विच?’ हे ग्राहकांचं मासिक १९५७ पासून वस्तू तपासून निकाल छापत होतं. १९६८ च्या नोव्हेंबरअखेर मालाचं खोटं वर्णन करण्याविरुद्धचा कायदा लागू झाला. आणि साध्या ग्राहकाच्या बाबतीत ती अट अशी काढून टाकता येणार नाही, हे १९७३ च्या कायद्याने ठरलं. म्हणजे गाडी परत न्यायला गेलेला माणूस १९६८ मध्ये खरोखरच बंद दारापुढे उभा होता. स्किटने त्या दाराचं चित्र काढलं. कायदा स्किटमुळे बदलला असं मी म्हणत नाही. पण हजारोंचा वैताग कुठून येतो हे त्या पाच मिनिटांत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं अहवालात दिसत नाही.

त्याच दशकात, त्याच देशात, दुसरं एक गॅरेज टीव्हीवर गाजत होतं. ‘कँडिड कॅमेरा’ हा छुप्या चित्रणाचा कार्यक्रम मूळचा अमेरिकेतला, १९६० पासून ब्रिटनमध्ये आयटीव्ही या खासगी वाहिनीवर. बॉब मंकहाउस सूत्रधार, जोनाथन रूथ खोड्या काढणारा. त्यातला प्रसिद्ध प्रकार असा: इंजिन काढून टाकलेली गाडी उतारावरून गॅरेजमध्ये घरंगळत आणायची आणि काहीतरी बिघडलंय, बघा म्हणायचं. मेकॅनिक बॉनेट उघडतो. आत पोकळी. छुपा कॅमेरा त्याचा चेहरा टिपत राहतो.

ते चित्रण गमतीचं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मेकॅनिकचा गोंधळ खरा आहे, त्याचा चांगुलपणाही खरा. असं निरागस काही लिहून साधत नाही, हा छुप्या कॅमेऱ्याच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा आहे, आणि मी तो मान्य करतो. पण दोन्ही गॅरेज शेजारी ठेवून बघा. एकीकडे ज्याच्या हातात गिऱ्हाइकाचे पैसे आहेत आणि जो चूक कबूल करत नाही, तो हास्याचा विषय आहे. दुसरीकडे आपलं काम नीट करू पाहणारा कामगार हास्याचा विषय आहे. आणि दुसऱ्या गॅरेजमधलं दार लेखकाने बंद केलेलं नाही. ते मेकॅनिकच्या नोकरीने बंद केलं आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला तो ‘चल नीघ’ म्हणू शकत नाही.

आजचे प्रँकवाले नेमकी हीच दारं शोधतात. सुरक्षारक्षक, दुकानातली मुलगी, रिक्षावाला, वेटर, घरपोच जेवण आणणारा मुलगा. यांना जागा सोडता येत नाही, आवाज चढवता येत नाही, समोरच्याने वाईट शेरा दिला तर पोटावर येतं. ज्याला निघून जाता येतं, त्याच्यावर प्रँक रंगत नाही. म्हणून भर दुपारी फाटकावर उभ्या असलेल्या रक्षकाला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला जातो, आणि सोसायटीच्या अध्यक्षाला कोणी विचारत नाही.

इथे ‘हाऊ टू इरिटेट पीपल’ची एक खोटही सांगितली पाहिजे. त्यात भारतीय हॉटेलातलं एक स्किट आहे. वेटर इतकी माफी मागतो, स्वतःला इतकं खाली पाडतो की जेवायला आलेल्यांचं जेवण अशक्य होतं. कल्पना चांगली आहे, अतिनम्रतेचा वैताग खराच असतो. पण भारतीय माणूस गोऱ्या नटाने रंगवलेला, आणि उच्चारांची टिंगल केलेली. आज ते बघवत नाही. ते अपमानकारक आहे ही एक गोष्ट. शिवाय ते यंत्र म्हणूनही अडखळतं. ब्रिटनमध्ये परका म्हणून आलेला वेटर मुळातच दबलेला. त्याच्या अतिनम्रतेने गिऱ्हाइकाला वैताग येतो की त्याच्याबद्दल कणव, हे ठरत नाही, आणि दोहोंच्या मध्ये हसू अडकतं. पुढे पायथनमध्ये घाणेरड्या काट्याचं स्किट आलं. अतिरेकी माफीचा तोच सांगाडा एका महागड्या हॉटेलात नेला, मॅनेजरपासून आचाऱ्यापर्यंत सगळे एका काट्यावरून कोसळू लागले, आणि तेव्हा तो उभा राहिला. लिहिलेल्या विनोदाला ही दुरुस्तीची सोय असते. पुन्हा बसता येतं, जागा बदलता येते, माणूस बदलता येतो.

प्रँकला ती सोय नाही. समोरच्या माणसाची वाक्यं आपल्या हातात नाहीत, त्याच्या पायऱ्यांची उंची आपल्या हातात नाही. तो पहिल्याच मिनिटाला हात उगारू शकतो, रडू शकतो. त्याला हृदयविकार आहे का, सकाळीच घरात काही वाईट घडलं आहे का, हे आपल्याला माहीत नाही. मग प्रँकवाल्याच्या हातात एकच कळ उरते, मात्रा. मागच्या वेळी टोपी उचलली, आता मोबाइल उचलायचा. मागच्या वेळी दुकानात शिरला, आता घरात. कोणी जात्याच क्रूर असतो म्हणून हे होतं असं नाही. ज्या कारागिराकडे एकच हत्यार आहे, तो ते जोरात मारायला लागतोच. २०२३ मध्ये लंडनमधला एक तरुण असाच अनोळखी लोकांच्या घरात शिरून चित्रण करत होता. आधी दंड झाला, मग परवानगीशिवाय लोकांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत असा न्यायालयाचा आदेश झाला. तो मोडल्यावर नोव्हेंबरमध्ये १८ आठवड्यांच्या कोठडीची शिक्षा झाली. एका पोराला कोठडीत टाकून प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. आदेशातली अट मात्र सर्वांसाठी असायला हवी होती, गुन्हा घडण्याच्या आधी.

तशी अट एका ठिकाणी आहे, आणि फारशी कोणाला माहीत नाही. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेच्या प्रक्षेपण संहितेत नियम ८.१५ आहे. करमणुकीसाठी छुपं चित्रण किंवा खोड्यांचे फोन चालतील, पण ते त्या करमणुकीचा अंगभूत भाग असले पाहिजेत. त्यातून खासगीपणावर एवढं मोठं आक्रमण होऊ नये की माणसाला लक्षणीय मनस्ताप, क्लेश किंवा शरम वाटावी. आणि संबंधितांच्या संमतीशिवाय ते प्रसारित करू नये. माणूस ओळखू येत नसेल तर संमती लागत नाही. किती नेमका नियम आहे! खोडीवर बंदी नाही, प्रसारणाला अट आहे.

हा नियम मोडला की काय होतं, त्याचं उदाहरण ऑक्टोबर २००८ चं. बीबीसी रेडिओ २ वर रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस यांनी एका वयस्कर नटाच्या फोनवर त्याच्या नातीबद्दल अश्लील निरोप ठेवले, आणि ते ध्वनिमुद्रण प्रसारितही झालं. तो नट अँड्र्यू सॅक्स. ‘फॉल्टी टॉवर्स’ मालिकेत क्लीझच्या हाताखाली मार खाणारा वेटर मॅन्युएल ज्याने केला, तोच. ब्रँडने राजीनामा दिला, रॉसला १२ आठवडे बिनपगारी घरी बसवलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ऑफकॉमने बीबीसीला दीड लाख पौंड दंड केला. मॅन्युएल म्हणून सॅक्सने जे सोसलं ते सगळं निर्धोक होतं असं नाही. आगीच्या एका प्रसंगात कपड्यांतून धूर येण्यासाठी लावलेल्या रसायनाने त्याला खरंच भाजलं होतं. तरी ती भूमिका त्याची होती, पटकथा त्याने वाचली होती. फोनवरचे निरोप मात्र त्याच्या घरात शिरले होते.

यूट्यूब, इन्स्टाग्रामवर कोणी वैयक्तिकरीत्या टाकलेल्या चित्रणाला ही संहिता लागू होत नाही. यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये जीवघेण्या वाटणाऱ्या आणि मुलांना मानसिक धक्का देणाऱ्या प्रँकवर बंदी जाहीर केली, ते चांगलं झालं. पण त्यात मोजमाप आहे धोक्याचं. फाटकावरच्या रक्षकाला जीवघेणं काही होत नाही. त्याची चेष्टा होते, आणि ती त्याच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचते.

आपल्याकडे मुंबईतल्या एमटीव्हीने अशा कार्यक्रमाला ‘बकरा’ असं नाव दिलं होतं, आणि ते नाव प्रामाणिक होतं. मराठीत ‘मामा बनवणं’ आहे, ‘खोडी काढणं’ आहे, ‘छळणं’ आहे, आणि तिन्ही आपण एका अर्थाने वापरत नाही. खोडी ओळखीच्या माणसाची काढतात. ज्याची काढली तो उद्या आपली काढू शकतो, हा तिचा करार आहे. अनोळख्याची काढून लाखोंना दाखवली, आणि त्याला परतफेडीचा मार्गच नसला, तर तिला खोडी म्हणायला आपली भाषा तयार होणार नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर चित्रण करणाऱ्या मुलांनी हा एवढा फरक धरून ठेवला तरी पुष्कळ.

म्हणून मागणी नेमकी काय, ते सांगतो. चित्रण झाल्यावर त्या माणसाला ते पूर्ण दाखवावं, तुकडा नाही. संमती लेखी असावी, आणि ती जागच्या जागी घेऊ नये. किमान एक दिवस मध्ये जावा, कारण कॅमेरा तोंडासमोर असताना सुटकेच्या भरात माणूस हसतो आणि ‘टाका, टाका’ म्हणतो. ते हसू संमती धरू नये. कामावर असलेल्या माणसाच्या बाबतीत त्याच्या मालकाची संमती पुरेशी मानू नये, त्याची स्वतःची हवी. संमती नंतर काढून घेता यावी आणि प्लॅटफॉर्मने ठरलेल्या मुदतीत चित्रण उतरवावं. पैसे मिळत असतील तर त्याचा वाटा त्याला मिळावा. आणि संमती नसेल तर चेहरा आणि आवाज दोन्ही बदलावेत. नुसती डोळ्यांवर पट्टी पुरत नाही, गल्लीतले लोक चालण्यावरूनही माणूस ओळखतात.

मग बातम्यांचं काय, अन्यायाच्या चित्रणाचं काय, असा प्रश्न येईल. ही अट करमणुकीसाठी आहे. पोलिसाने लाच घेतल्याचं चित्रण करायला त्याची संमती मागायची नाही. संहितेतही लोकहिताचा विचार वेगळा केला आहे, आणि तसाच तो इथेही वेगळा ठेवता येतो. अधिक अवघड आक्षेप दुसरा आहे. लिहिलेला विनोदही खऱ्या माणसांवरून उचलतात, त्यांना कोण विचारतं? हा आक्षेप मला खरा वाटतो. ‘फॉल्टी टॉवर्स’ टॉर्कीतल्या ज्या हॉटेलमालकावरून सुचलं, त्याच्या पत्नीने पुढे जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. तिचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. लेखकाने मूळ माणूस ओळखू येणार नाही इतकं रूपांतर करावं, ही जबाबदारी त्याच्यावर आहेच. गाडीवरून पोपटावर जाणं हे कारागिरीच्या दृष्टीने जितकं मोलाचं, तितकंच त्या गॅरेजवाल्याच्या दृष्टीनेही. प्रँकमध्ये रूपांतर शून्य असतं. माणूस तोच, कपडे तेच, दुकानाची पाटीसुद्धा मागे दिसते.

‘द बिग स्वॉलो’ आज बघताना शेवटचे काही क्षण लक्ष देऊन बघावेत. कॅमेरा गिळून झाला आहे, कॅमेरावाला गिळून झाला आहे, आणि तरीही मागे सरकत चघळणारा तो गृहस्थ आपल्याला दिसतोच आहे. म्हणजे विल्यमसनचा खरा कॅमेरा तिथे सुरूच होता. त्याच्यासमोर तो माणूस आपणहून उभा राहिला होता, आणि किती पावलं मागे जायचं हे त्याला ठाऊक होतं.